सतराव्याची कोरी जागा

१२ एप्रिल १९९०, जळगाव

लिही गं लता. पेन धरलंस ना, मग तोंड बंद आणि हात चालू.

काल जोशीबुवा येऊन गेले. लताची आणि प्रकाशची पत्रिका मांडली. छत्तीसपैकी सव्वीस गुण. बुवा स्वतःच एवढे खूश झाले, जणू त्यांनाच नवरी मिळाली. चहाचे दोन कप प्यायले, तिसरा कुसुमने विचारला नाही म्हणून उठले. कुसुम माझी सून, लताची आई. कप मोजून ठेवते.

प्रकाश म्हणजे माझ्या शकूचा थोरला. शकू माझी लेक, धुळ्याला दिलेली. लता माझ्या वसंताची. नात मुलीच्या घरी सून म्हणून जाणार. माझ्या दोन्ही डोळ्यांना एकच काजळ.

लता म्हणते, जिजी, हे लिहायचं कशाला, सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं, मला उद्या आठवलं नाही तर तू वाचून दाखवशील ना? मला अक्षर येत नाही, पण ऐकू येतं.

लाजलीय. कान लाल. (हे मी लिहिणार नव्हते. लता.)

१६ एप्रिल

शकूचा धाकटा बाळू. तेवीस संपली असतील. उंची पहिलीतल्या पोराएवढी, आवाजही तसाच. एस.टी.त अर्ध्या तिकिटात फिरतो. कंडक्टरने वय विचारलं तर म्हणतो, आईला विचारा. धुळ्यात सिनेमाच्या रिक्षात भोंग्यावर तोच बोलतो. 'आजपासून, आजपासून, रोज तीन खेळ!' अख्खं धुळं त्याचा आवाज ओळखतं, त्याला बघितलं की मात्र मागे वळून दुसराच कोणीतरी शोधतात.

धुळ्याच्या मुलांच्या डॉक्टरांनी त्याला मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. बाई म्हणाल्या, घरातल्या सगळ्यांचं रक्त बघायचंय. गुरुवारी जळगावला येणार आहेत. वसंताने विचारलं, आमचं कशाला? आमच्यात तर सगळे ताडमाड.

कळत नाही. आजारी बाळू, आणि सुई आम्हाला.

१९ एप्रिल

आल्या. बाई म्हणजे पोरगीच आहे. बर्फाचा डबा घेऊन आली, कुल्फीवाल्यासारखा. वसंताचं रक्त काढलं, लताचं काढलं. मी दंड पुढे केला तर म्हणाली, आजी, तुमचं नको, तुम्ही या घरात बाहेरून आलेल्या. साठ वर्षं इथे भाकरी थापते मी, तरी बाहेरची. आनंद मानावा की रागवावं ते अजून ठरलं नाही.

मग समजावून सांगितलं. जेवढं कानात राहिलं तेवढं लिही.

अंग वाढवणारं एक संप्रेरक असतं. मी म्हटलं, संप? म्हणजे बाळूच्या वाढीने संप केला? गिरणीसारखा? डॉ.बाई हसल्या, म्हणाल्या, तसंच समजा आजी, पण हा संप मिटत नाही. ते संप्रेरक कसं करायचं ते अंगात लिहिलेलं असतं. कुठे, ती जागा आता आता सापडली आहे. गुणसूत्र सतरा, त्याचा लांब हात.

गुणसूत्राला हात असतो. एक आखूड, एक लांब.

बाळूची ती जागा कोरी असावी असं त्यांना वाटतं. जाताना लताकडे बघून म्हणाल्या, लग्न ठरतंय ना? दोघांचं सतरा बघूया. दोघांकडे सारखंच निघालं तर लग्नाआधी नीट विचार करा.

लता तेव्हापासून पुस्तकात डोकं घालून बसलीय. तिची परवा बी.कॉम.ची परीक्षा. म्हणते तेच कारण. मी मान डोलावली.

२३ एप्रिल

तीन दिवस लताची परीक्षा म्हणून लिहिणं नाही. त्यामुळे मी काय केलं ते तिला आज कळतंय. लिही, डोळे वटारू नको.

मला रात्रंदिवस एकच टोचत होतं. सतरा. जोशीबुवा सव्वीस म्हणाले, बाई रक्त काढून सतरा म्हणतात. जोशी कागद बघतो, ही आतलं बघते. कोणाचं खरं मानायचं? अठराच्या खाली गुण आले तर कुठलाच जोशी लग्न लावत नाही. एकच कमी, पण कमी ते कमीच.

म्हणून शेजारच्या कंडक्टरभाऊंना सांगितलं. ते धुळे गाडीवर असतात. म्हटलं, शकूला निरोप द्या, सतराच जुळले आहेत, साखरपुडा जरा थांबवा.

(जिजी!! लता.)

हो, मीच. आणि काय?

लता डोकं धरून बसलीय. म्हणते, ते गुण वेगळे आणि हे गुणसूत्र वेगळं. म्हटलं, नावात गुण आहे की नाही? आहे. मग?

२६ एप्रिल

शकू आली. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणारच होती, पण दोन दिवस आधी आली आणि पिशवी दारातच टाकली.

"माय, तू लग्न मोडलंस?"

"कोण म्हणालं?"

"कंडक्टर म्हणाला. पोरीकडचे नाही म्हणतात, सतरा भानगडी निघाल्या."

आता बघा. मी सतरा गुण पाठवले, एरंडोलला भानगडी झाल्या असतील, पारोळ्यात लग्न मोडलं असेल. धुळ्याला पोचेपर्यंत एवढंच झालं हे नशीब. निरोप पुढे शिरपूरला गेला असता तर मी मेलेही असते.

मग लताने सगळ्यांना बसवलं. तिलाही सगळं कळलेलं नाही, ती हिशेबाचं शिकते. पण सांगितलं. सतरा हा नंबर आहे, मार्क नाहीत. घराचा नंबर असतो तसा. माणसात तेवीस जोड्या, सतरावी जोडी सगळ्यांकडे.

"माझ्याकडे?" मी विचारलं.

"तुझ्याकडेही."

"दोन सतरा?"

"दोन. एक आईकडून, एक वडिलांकडून."

"आणि तुझे सव्वीस गुण कुठे गेले?" कुसुमने विचारलं. जोड्या तेवीस म्हटलं की ती पुन्हा कपासारखं मोजायला लागते. हसलो सगळे.

शकू हसली नाही. हळूच म्हणाली, "म्हणजे हे बाळूला आमच्या दोघांकडून आलंय? माझ्या हातून झालं म्हणून नाही?"

शकूला काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना ठाऊक. पुढे लिही. बाळू रांगत होता तेव्हा उंबऱ्यात झोपला होता. शकूने त्याला ओलांडलं म्हणतात, पाण्याची कळशी कडेवर, आणि उलटं ओलांडून परत आली नाही. निजलेलं पोर ओलांडलं की वाढ खुंटते. तिची सासू हेच सांगत आलीय. पाव्हण्यांना, भाजीवालीला, नव्या भाडेकऱ्याला. बाळूला बघून कोणी काही विचारायच्या आतच सांगते.

तिची सासू म्हणजे माझी नणंद, भागाअक्का. लेक नणंदेच्या घरी दिली तेव्हा मलाही वाटलं होतं, घरातलं घरात.

२८ एप्रिल

आखाजी. पोरींनी लिंबाला झोका बांधला. आमरस, सांजोऱ्या. लता झोक्यावर बसली पण उभ्याने नाही खेळली. मागच्या वर्षी फांदीला पाय लावत होती.

शकूला विचारलं, खरंच ओलांडलं होतंस का गं?

म्हणाली, "माय, पहिली काही वर्षं मला पक्कं आठवत होतं की नाही ओलांडलं. मग अक्का रोज सांगायच्या. आता डोळे मिटले की मला दिसतं, माझा पाय, त्याच्यावरून. कळशीतलं पाणीसुद्धा सांडताना दिसतं. खरं की ऐकून ऐकून, मलाच कळत नाही."

मी तिच्या डोक्याला तेल लावलं. पन्नाशीला आलीय. केस तसेच दाट.

डॉ.बाईंच्या रक्ततपासणीने ही या दोषातून सुटेल. एवढं मला कळलं.

मग आणखी एक कळलं, ते नको होतं कळायला. अक्काच्या माहेरातून, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या घरातून ते आलं असेल, तर वसंतात असेल. वसंतात असेल तर लतात.

लता, लिहिलंस? दाखव. मला वाचता येत नाही पण ओळ लांब आहे की आखूड ते दिसतं. लिही पूर्ण.

६ मे, धुळे

बाळू लिहितोय. अक्षर मोठं आहे त्याचं, पान लवकर संपतं. लता जळगावलाच.

वसंताबरोबर आले. भागाअक्काने चौथऱ्यावरच अहिराणीत सुरुवात केली.

"आम्हना घरमा रोग नही शे. बठ्ठा मुंबईना थापा. रगत काढीसन काय समजस?"

म्हटलं, अक्का, तुमची ठमाआत्या? चुलीजवळ खोक्यावर बसून भाकरी करायची ती? मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं कोणाची तरी पोरगी, खाऊ दिला हातात. ती म्हणाली, अगं मी तुझी आतेसासू.

"तिले बी ओलांडं व्हतं कोणी."

"अक्का, तुम्हना घरमा दर पिढीमा एकले कोणी ना कोणी ओलांडसच का?"

बाळू इतका हसला की लिहायचं थांबलं. अक्का हसली नाही. पण पदर तोंडाला लावला. मी बघितलं.

मग ती मुद्द्यावर आली. ज्येष्ठात साखरपुडा, लगेच लग्न, आषाढ लागायच्या आत. पण एका अटीवर. रक्त-बिक्त बंद. रक्तात आहे म्हटलं की गावभर होतं, मग प्रकाशच काय, जावयाच्या भावाच्या पोरींनाही कोणी करणार नाही. ओलांडण्याने झालं म्हटलं तर ते एकट्या बाळूपुरतं राहतं.

आणि एकट्या शकूपुरतं. ते तिने म्हटलं नाही.

शकू दारात उभी होती, हाताला पीठ. म्हणाली, "बरोबर आहे अक्का. ओलांडलं होतं मी. करा साखरपुडा."

बाळूला म्हटलं, हे लिहू नको. तो म्हणतो, जिजी, लिहून झालं.

८ मे, धुळे

बाळूबरोबर रिक्षात बसले. हट्ट माझाच. भोंगा डोक्यावर, कान गेले. आग्रा रोडवर पोरं मागे धावतात. तो एका दमात सांगतो, नवा सिनेमा, मारामारी, गाणी, महिलांसाठी स्वतंत्र बसण्याची सोय. मध्येच म्हणाला, 'आणि आपल्यात आज खास जळगावहून आलेल्या जिजी!' चार दुकानदार बाहेर येऊन बघायला लागले, मीच नटी आहे की काय.

त्याला म्हटलं, तुझी आई खोटं बोलली परवा.

म्हणाला, "माहीत आहे. मी झोपलो होतो ना तिथे, साक्षीदार मीच."

"मग खरं काय?"

"मी झोपलो होतो, जिजी."

असा आहे. सरळ उत्तर नाही, सदा भोंगा चालू.

१९ मे, जळगाव

पुन्हा लता.

डॉ.बाई धुळ्याला येऊन सांगून गेल्या, प्रकाश स्कूटरवर इथे सांगायला आला. उन्हाने तोंड तांबडं. आल्या आल्या माठातलं पाणी उभ्यानेच.

बाळूच्या दोन्ही सतराव्यांवर ती जागा कोरी. शकूची एक कोरी, एक लिहिलेली. जावयाची तशीच. प्रकाशचीही तशीच. वसंताचीही तशीच. एक असली की काम चालतं, म्हणून हे सगळे उंच. खोलीत दोन दिवे, एक गेला तरी दुसऱ्याने दिसतं, असं बाई म्हणाल्या. दोन्ही गेले की बाळू.

शकूचं ओलांडणं कुठेच नाही. प्रकाशने मुद्दाम विचारलं म्हणे. डॉ.बाईंनी त्याला दोनदा विचारलं, ओलांडणं म्हणजे काय?

आणि लता?

लताची बाटली वाटेत फुटली. की बर्फ वितळला, प्रकाशला नीट सांगता येईना. पुन्हा रक्त द्यायचं.

म्हणजे बघा. सगळ्यांचं कळलं. जिचं लग्न तिचंच नाही.

प्रकाश म्हणाला, काय यायचं ते येऊ दे, मी दुसरीकडे बघणार नाही. कुसुम आत गेली, भांडी वाजली. तिला हे लग्न आधीपासून नको होतं की आत्ताच नको झालं, कळत नाही. वसंता पेपर उलटा धरून वाचत होता. वरची बाजू खाली. मला वाचता येत नाही, पण छायाचित्रातला माणूस डोक्यावर उभा होता एवढं दिसलं.

लता, तू काय म्हणालीस त्याला? तेवढं लिही.

(मी म्हणाले, मला आधी कळू दे. लता.)

२० मे

लताने विचारलं, जिजी, तुला काय वाटतं?

विचारायचं नव्हतं तिने. मला दोन गोष्टी वाटतात आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. एक, शकूच्या घरात लता. तिथे तिला कोणी हुंडा विचारणार नाही, उपाशी ठेवणार नाही, बाळू रोज हसवेल. दुसरी, लताच्या मांडीवर पोर आणि अक्का विचारतेय, कोणी ओलांडलं?

ही दुसरी बोलायला लागली की पहिली गप्प बसते, पण उठून जात नाही.

डॉ.बाई म्हणाल्या होत्या, दोघांची एक एक कोरी असेल तर दर बाळंतपणाला चारात एक असा धोका. म्हणजे चार झाली तर एक? लता म्हणते, नाही, प्रत्येक वेळी नव्याने चारात एक. पहिलंही असू शकतं, चारही असू शकतात, एकही नसू शकतं. म्हटलं, मग सांगितलं काय तिने?

२ जून

वसंताने लताला मुंबईला नेऊन आणलं. रक्त तिथेच दिलं, बर्फाचा भरवसा नको म्हणून.

तिथे तिने विचारलं, बाळूसारख्यांना आता औषध आहे का? आहे. इंजेक्शन निघालंय. लहानपणापासून रोज टोचायचं, वर्षानुवर्षं. किंमत ऐकून वसंता खुर्चीत खाली सरकला. आणि ज्यांची जागाच कोरी, त्यांना ते लागू पडेलच असं नाही. अंगाने ते संप्रेरक कधी पाहिलेलंच नसतं, त्यामुळे कधी कधी अंगच त्याच्याशी भांडतं.

परक्या माणसासारखं, मी म्हटलं. घरात आलेल्या बाहेरच्यासारखं. लता म्हणाली, हो जिजी, अगदी तसं.

पहिल्यांदा मला काहीतरी कळलं आणि ते कळून बरं नाही वाटलं.

७ जून

लता लिहायला बसत नाही. आज कुसुम लिहितेय.

कुसुमला विचारलं, कप मोजते ते वाचलंस का? म्हणाली, वाचलं, आई. चांगलं अक्षर आहे म्हणतात तिचं. रागातही चांगलंच येतं का ते मला कसं कळणार.

ती म्हणाली, आई, तुम्ही नणंदेच्या घरी लेक दिलीत, आता लेकीच्या घरी नात. एकदा तरी बाहेर बघा. मी म्हटलं, मी काय बघणार, बघायचं आहे पोरीने. कुसुम म्हणाली, मग पोरीला तुम्ही जोडा जोडा म्हणायचं बंद करा.

बंद केलं. दुपारपासून.

१४ जून, धुळे

बाळू लिहितोय. पुन्हा मोठं अक्षर.

डॉ.बाई इथे मुलांच्या डॉक्टरांकडे आल्या होत्या. आम्ही सगळे गेलो, मीही. लताला एकटीला आत बोलावलं. वसंता म्हणाला, मी बाप आहे. डॉ.बाई म्हणाल्या, आधी ती. बापाने मान खाली घातली. कधी घालत नाही.

बाहेर आली. समोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. तिथल्या बाकावर बसली, ग्लास मागवला, प्यायली नाही. म्हणाली, "माझीही एक कोरी."

प्रकाश तिच्या शेजारी उभा होता. बसला नाही, लांबही गेला नाही.

घरी आलो, बाळू वही घेऊन माझ्याजवळ पाटावर बसला. भागाअक्का ओट्यावर. शकूने सांगितलं. अक्का म्हणाली, "लताले वसंताकडथून ना?" हो. "वसंताले कोणाकडथून?" वसंताचा बाप अक्काचा सख्खा भाऊ, धाकटा, तिने कडेवर खेळवलेला. पुढचं तिला कोणी सांगायला नको होतं.

मग शकूला म्हणाली, "तू बस." स्वतः उठून चुलीकडे गेली, चहा ठेवला. साखर विसरली. कोणी सांगितलं नाही, प्यायलो तसाच. शकूने कप दोन्ही हातांनी धरला होता. त्यातली वाफ गेली तरी धरून होती.

प्रकाश म्हणाला, मी सांगितलं तेच. माझं बदललेलं नाही. पोर झालं नाही तरी चालेल.

अक्का आतून म्हणाली, "तुले चालस. तिले चालस का, ते इचारं का?"

हे अक्का बोलली. भागाअक्का. मी दोनदा विचारलं बाळूला, नीट ऐकलंस ना? तो म्हणतो ऐकलं, लिहिलं.

लता म्हणाली, "चारात एक, चारात एक, महिनाभर ऐकतेय. मला त्याचा अर्थ लागत नाही. दुकानातली फळं आहेत का, एक नासकं निघालं म्हणून टाकायला?" मग उठली, बाळूच्या समोर येऊन जमिनीवर बसली. तिचं डोकं त्याच्या डोक्याच्या बरोबरीला आलं.

"बाळूभाऊ, गंमत न करता सांग. तुझा जन्म तुला कसा गेला? मला ठरवायचंय."

प्रकाश म्हणाला, असं कोणी विचारतं का? लता म्हणाली, तुम्ही थांबा.

बाळू काही बोलत नाही. (बोलत नाहीये कारण लिहितोय. बाळू.)

खोटं. तोंडाने लिहीत नाहीस तू. एरवी अख्ख्या धुळ्याला ऐकू जातं, आता समोरच्या पोरीला ऐकू जात नाही.

शकू त्याच्याकडे बघतेय. अक्का चुलीपासून वळलीय.

त्याने मला विचारलं, "जिजी, हे पण लिहायचं?"

नाही रे. पेन ठेव. मला नंतर कोणी सांगितलं नाही तरी चालेल. तिला सांग.